पांघरुणाआधी अंथरूण

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले म्हणजे हल्ली घरोघरची तरुण मंडळी गडकोटांकडे मुक्कामास निघतात. हा छंद स्तुत्य खराच. परंतु पोरांनी पडशा बांधावयास घेतल्या की माजघरात एकच चिंता उभी राहते. उघड्यावर निजल्याने त्यांस थंडी बाधणार तर नाही? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी मिळाले.

हा गड अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात असून त्याची उंची सुमारे १४२४ मीटर आहे. दोन पुतणे व एक नात यांसह आम्ही पाचनईच्या वाटेने वर गेलो. हरिश्चंद्रेश्वराचे देवालय, केदारेश्वराच्या गुहेतील कमरभर थंडगार पाण्यात उभे असलेले शिवलिंग व कोकणकड्याचा तो अंतर्वक्र, भयचकित करणारा तुटलेला कडा पाहून तिन्हीसांजेस खाली उतरलो. गड अभयारण्यात मोडतो; तेथे शेकोटीचा व मुक्कामाचा प्रश्न वनखात्याच्या नियमांचा आहे. यास्तव आम्ही पाचनईतच एका शेतकऱ्याच्या खळ्यात पथारी टाकण्याचे ठरविले.

मुलांनी जाडजूड दुलया आणल्या होत्या. यजमान त्या पाहून हसले व म्हणाले, "गुरुजी, थंडी आभाळातून कमी, भुईतून जास्त येती." असे म्हणून त्यांनी भाताच्या पेंढ्याचा वीतभर थर पसरला, त्यावर घोंगडी घातली आणि मग आमच्या सतरंज्या अंथरू दिल्या.

या साध्या बोलण्यात पदार्थविज्ञानाचे मर्म आहे. पांघरूण स्वतः ऊब देत नाही. ऊब शरीराची, पांघरूण केवळ तिची राखण करते. ती राखणही कापसाच्या वा लोकरीच्या तंतूंत कोंडलेली स्थिर हवा करीत असते. दुलईचा जो भाग अंगाखाली जातो तो भाराने दडपतो, त्यातील हवा निघून जाते आणि देहाची उष्णता सरळ जमिनीत उतरते. पेंढ्याच्या पोकळ काड्या मात्र सहजी दबत नाहीत. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण खर्चास लावतो. थंडीच्या रात्री ती शब्दशः पाळावी.

जागा निवडतानाही विवेक हवा. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून देते, म्हणूनच दव पडते. वृक्षाखाली वा पडवीत ते कमी पडते. गार हवा जड असल्याने पाण्याप्रमाणे उताराने वाहत खोलगट जागी साचते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, तेव्हा गावात थंडी त्या मानाने सौम्य असते, ती याचमुळे. सबब ओढ्याकाठ सोडून किंचित उंच, वारा अडलेली जागा पाहावी.

चढणीने घामेजलेले कपडे निजण्यापूर्वी बदलावे. डोक्यास कानटोपी असावी, पायमोजे सैल व कोरडे असावेत. तोंडावरून पांघरूण ओढू नये, कारण श्वासाच्या बाष्पाने ते ओलावते. चरकाने हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो असे सांगून स्निग्ध आहाराची शिफारस केली आहे. आम्ही त्या रात्री बाजरीची भाकरी, तूप व गूळ खाऊन तिचा अनुभव घेतला.

दोन गोष्टी घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांकडून वदवूनच घ्याव्या. पहिली ही की, बंद तंबूत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये; तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही, आणि निजलेला मनुष्य त्यातून उठतच नाही. दुसरी ही की, गारठलेल्या सोबत्याची जीभ अडखळू लागली, हातातील वस्तू गळू लागली, तर त्यास ओल्या वस्त्रांतून काढून कोरड्यात गुंडाळावे व त्वरित वैद्यकीय साहाय्य मिळवावे. अशा वेळी कापरे थांबले म्हणजे थंडी गेली असे समजणे घातक होय. ते देह थकल्याचे लक्षण असते.

पहाटे पेंढ्याच्या भोवती गवत दवाने पांढरे झाले होते आणि आमची नात गाढ निजली होती. मुलांस गडावर जाण्यापासून अडवू नये. पडशीत दुलईच्या आधी जाड बैठक भरली आहे ना, एवढे मात्र आजीने उघडून पाहावे.