आठवणीची साक्ष

स्मृती म्हणजे एक मोठी पेटी असून तीत आपण एकेक अनुभव घडी घालून ठेवतो व हवा तेव्हा जसाच्या तसा बाहेर काढतो, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तू तळाशी गेली, हाती लागेना, म्हणजे आपण म्हणतो, 'विसरलो.' विद्यार्थ्यांची तक्रार असते ती ह्या विसरण्याबद्दलच. हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन पंडिताने अर्थहीन अक्षरांच्या माळा स्वतः पाठ करून १८८५ साली दाखविले की, पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक भाग तासाभरातच निसटतो. पुढे मात्र निसटण्याचा वेग मंदावतो. एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा दिवसांचे अंतर टाकून थोडथोडे केलेले पाठांतर अधिक टिकते, हेही त्याच्या ध्यानी आले होते. परीक्षार्थींना एवढे पुरे. आम्हांस सांगावयाचे आहे ते स्मृतीच्या एका निराळ्याच खोडीविषयी. ती नुसती विसरत नाही. गेलेल्या जागी नवे रचते, आणि रचल्याची वार्ता मालकास लागू देत नाही.

केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात ह्याचा सुरेख पुरावा दिला आहे. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची भुतांच्या लढाईची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांपुढे ठेवली आणि काही काळाने, पुनःपुन्हा, ती आठवून लिहावयास सांगितली. कथा आखूड होत गेली. तिच्यातील अरुंद डोंगी साधी नाव झाली, सीलची शिकार मासेमारी झाली आणि जे जे चमत्कारिक वाटले ते गळून पडले. खोटे कोणीच बोलले नव्हते. मनाने रिकाम्या जागा ओळखीच्या मालाने भरल्या होत्या, इतकेच.

पुस्तकातील गोष्ट सहज पटते. घरातील पटणे कठीण. आमचे आजोबा १९६३ साली गोव्यातील घर बंद करून नोकरीनिमित्त इंदुरास आले. दाराला कुलूप घालून त्यांनी किल्ली एका मुलीच्या हाती दिली व म्हणाले, "तूं सांबाळ." ती मुलगी कोणती, ह्यावर आमच्या दोन आत्यांचा वाद आहे. थोरल्या आत्यांना किल्लीचा थंडगार स्पर्श आठवतो, धाकट्या आत्यांना तिला बांधलेली सुतळी. शब्द मात्र दोघींच्याही तोंडी तेच. घर केव्हाच विकले गेले. किल्ली कोणापाशीच नाही. तरी एका लग्नघरी हा विषय निघाला, एकीने दुसरीस चारचौघांत 'खोटारडी' म्हटले, आणि त्यानंतर दोन दिवाळ्या एकीच्या घरचे फराळाचे ताट दुसरीच्या घरी गेले नाही. (किल्ली शेजाऱ्यांकडे दिली होती, असे आमचे वडील म्हणतात, त्यांचे कोणी ऐकत नाही.)

दोघींचीही खात्री पाहून ऐकणारा गोंधळतो. परंतु खात्री हा खरेपणाचा पुरावा आहे काय? १९८४ साली राजवाड्यास आग लागली तेव्हा आपण कोठे होतो, हे इंदुरातील वडीलधारी माणसे आजही काल घडल्याप्रमाणे सांगतात. अशा लख्ख आठवणींची परीक्षा अमेरिकेत एकदा झाली. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांतच फुटले. दुसऱ्याच सकाळी एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर ह्यांनी, ही बातमी आपणांस कोठे, कशी, कोणाकडून कळली, हे विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. सातांपैकी पूर्ण गुण मिळाले अवघ्या तिघांना. अकरा जणांना शून्य! त्यांची खात्री मात्र ढळलेली नव्हती. स्वतःच्या हस्ताक्षरातील जुना कागद पुढे ठेवला, तरी मूळची आठवण परत आली नाही.

आमच्या न्यायशास्त्र्यांनी स्मृतीला प्रमाण ज्ञानात बसू दिले नाही, आणि तिचे यथार्थ व अयथार्थ असे दोन भेद केले, ते उगीच नव्हे. पण त्याहूनही आम्हांस कौतुक वाटते ते महानुभावांचे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी, शके १२०० च्या सुमारास, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या आणि त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ, 'लीळाचरित्र.' पुढे धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि शिष्यांना ती पुन्हा स्मरणातून उभी करावी लागली, अशी परंपरा आहे. साहजिकच एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना. वास्तविक गुरूच्या चरित्रात असे व्हावे ही केवढी आपत्ती! परंतु त्यांनी कोणास खोटे ठरविले नाही. एक पाठ दिला आणि दुसऱ्याचे निराळे स्मरण 'वासना' म्हणून त्याच्याशेजारीच नोंदविले. मनावर उमटून राहिलेला ठसा म्हणजे वासना. पाठभेदाला ह्याहून नेमका शब्द आम्हांस ठाऊक नाही.

यंदाच्या सुटीत आम्ही दोघी आत्यांकडे जाऊन किल्लीची हकिकत ज्यांची त्यांच्या शब्दांत उतरवून घेतली, एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर. धाकट्या आत्यांनी थोरल्यांचे पान दोनदा वाचले. "ही सुतळी विसरली," एवढेच म्हणाल्या, आणि वही ठेवून घेतली. ती अद्याप त्यांच्याकडेच आहे.