पुनरुक्ती

मराठी शिकविण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. त्या काळात विद्यार्थ्यांच्या निबंधांतील पुनरुक्तीखाली मी किती तांबड्या रेघा ओढल्या असतील, याची गणती नाही. मात्र शिक्षा देण्याची वेळ आली, की मी स्वतःच पुनरुक्तीचा आश्रय घेत असे. "शंभर वेळा लिहून आण!" या दोहोंतील विसंगती माझ्या ध्यानात आली ती परवा, हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्यात.

कारखाना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. औंधच्या आय. टी. आय.मधून बाहेर पडल्यावर तो संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर काम करू लागला, आणि आता तसले एक यंत्र त्याच्या मालकीचे आहे. मी गेलो तेव्हा पोलादाच्या एका जाड पाटीत अठ्ठेचाळीस भोके पाडावयाची होती. "म्हणजे तुला तीच आज्ञा अठ्ठेचाळीस वेळा लिहावी लागणार!" मी म्हणालो.

"नाही सर, एकदाच," तो हसून म्हणाला.

भोक पाडण्याचा क्रम ठरलेला असतो. ड्रिलने पृष्ठभागाजवळ वेगाने उतरावयाचे, मग धिम्या गतीने नेमक्या खोलीपर्यंत शिरावयाचे आणि झर्रकन वर यावयाचे. हा सारा क्रम 'जी ८१' एवढ्या अक्षरांत साठविलेला आहे. खोली आणि गती पहिल्या ओळीत एकदा लिहिली, की पुढच्या ओळींत केवळ भोकांच्या जागा सांगावयाच्या. भोक फार खोल असेल तर 'जी ८३' लिहितात. मग ड्रिल थोडे खणते, वर येऊन धातूचा कीस बाहेर टाकते आणि पुन्हा उतरते. शेवटी 'जी ८०' लिहून हा क्रम मोडावा लागतो. ते विसरले, तर यंत्र त्यानंतर जेथे जेथे सरकेल तेथे तेथे भोक पाडीत जाते!

मला एकदम पाणिनीची आठवण झाली. त्याच्या सूत्रांतही एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत न उच्चारता चालत येते. त्याला अनुवृत्ती म्हणतात. हे मी त्याला उत्साहाने सांगितले. त्याने ते शाळेत ऐकत असे तितक्याच सोशिकपणे ऐकून घेतले. अशा यंत्राचे पहिले प्रात्यक्षिक १९५२ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत झाले, तेव्हा त्याला आज्ञा दिल्या जात त्या कागदी फितीवर भोके पाडून, ही गंमत मात्र त्याला आवडली.

पाटी घट्ट आवळून त्याने यंत्र सुरू केले. पांढरट पाण्याची धार सुटली, पहिले भोक पडले, आणि त्याने यंत्र थांबविले.

"का रे, बिघडले काय?"

"नाही सर. पहिले मोजल्याशिवाय मी दुसरे पाडीत नाही." मग हात पुशीत त्याने सांगितले. पहिल्या नोकरीत अशाच एका पाटीत बारा मिलिमीटर खोलीची चाळीस भोके होती. त्याने आकडे उलटसुलट करून एकवीस लिहिले आणि तो चहाला गेला. पाटी अठरा मिलिमीटर जाडीची. परत येऊन पाहतो, तो चाळीसही भोके आरपार! दोन महिने पगारातून पैसे कापले गेले.

"तेव्हा मला तुमचा 'आशीर्वाद' आठवला, सर."

मलाही आठवला. सातवीत असताना त्याने 'आशीर्वाद' हा शब्द ऱ्हस्व लिहिला होता. मी तो शंभर वेळा लिहावयास सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने सुवाच्य अक्षरात शंभर वेळा लिहून आणला. सारे शंभर ऱ्हस्व! मी ती वही वर्गाला दाखविली. वर्ग पोट धरून हसला, आणि त्या हसण्यात मीही होतो. पहिली ओळ लिहिल्यावर तो वही घेऊन माझ्या टेबलापाशी आला होता. "आधी पुरे कर, मग दाखव," असे म्हणून मी त्याला परत पाठविले होते.

ते त्याच्या लक्षात आहे काय, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. त्याने भोकातील कीस फुंकून काढला आणि व्हर्नियर माझ्या हाती दिले. "तुम्हीच बघा, सर." चष्मा पुसून मी आकडा दोनदा वाचला. बारा मिलिमीटर बरोबर होते. मग त्याने हिरवे बटण दाबले.