न्हाणीची मोरी आणि गुंतवळ

शेतीखात्याच्या माणसाने बियाणे, खते आणि फवारण्या सोडून न्हाणीच्या मोरीवर लिहावे, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. पण सातारा-सांगलीकडच्या खेड्यांतून गेली तीसएक वर्षे हिंडताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. ज्या घरची परसबाग पाहायला जावे, ती बहुतेक न्हाणीच्या पाण्यावरच उभी असते. ते पाणी यायचे थांबले, की आधी अळू मान टाकतो, मग केळ. घरधनी विचारतो, "सायेब, कंचं खत घालू?" आणि रोग निघतो मोरीत.

पूर्वीची न्हाणी साधी होती. घराच्या मागल्या अंगाला दगडी फरशी, शेजारी तांब्याचा बंब, भिंतीला खाली एक भोक आणि पलीकडे केळीपर्यंत गेलेला उघडा दांड. केस अडकले तर अळूच्या बुडाशी दिसायचे, काटकीने ओढून टाकले की काम झाले. आता गावोगाव पक्की घरे झाली. न्हाणीला गुळगुळीत फरशी आली, पाणी फरशीखालच्या पीव्हीसी पाइपातून जाऊ लागले, आणि मोरीच्या तोंडाशी बसला तो वाकडा ट्रॅप. इंजिनियरांच्या इंग्रजी पुस्तकांतही त्याला नहाणी ट्रॅपच म्हणतात, म्हणजे आपल्या न्हाणीचा शब्द तिथे जाऊन बसला आहे! त्या वाकणात साधारण दोन इंच पाणी कायम उभे राहते. त्यामुळे गटाराचा वास आणि झुरळे वर येत नाहीत. सोय चांगलीच आहे. मात्र ज्या वाकणाने वास अडतो, त्याच वाकणात केसही अडतो.

विट्याकडे खानापूर तालुक्यातली पुष्कळ घरे गलाईच्या धंद्यात आहेत. सोने-चांदी गाळण्यासाठी ही माणसे देशभर पांगली आहेत आणि गावी येऊन टोलेजंग बंगले बांधतात. अशाच एका बंगल्यात मी बाथटब पाहिला. घरातल्या म्हाताऱ्या त्याला "न्हायाची काहील" म्हणत. त्यात उन्हाळ्यात टँकरचे पाणी साठवलेले असे आणि दिवाळीला शहरातून नातवंडे आली, की चार दिवस अंघोळी होत. पाचव्या दिवशी पाणी हटेना. टब हजारोंचा असो की न्हाणी दगडाची, केस दोन्हीकडे तोच.

मोरी एकट्या केसाने तुंबत नाही, हे आधी समजून घ्यावे. एक केस पाण्याबरोबर सहज निघून जातो. पण पाइपाच्या सांध्यावर किंवा जाळीच्या खडबडीत कडेवर एखादा अडकला, की पुढचे त्याला वेटाळतात. त्यात साबण येतो. आमच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत, जत-कवठे महांकाळकडे, बोअरचे पाणी जड. जड पाण्यातल्या चुन्याशी साबण मिळाला की फेस होत नाही, पांढरट चिकट साका होतो. बादलीच्या आतल्या अंगाला जो थर धरतो तोच हा. हा साका केसांना लिंपतो. वर डोक्याचे खोबरेल. खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजते. म्हणून मार्गशीर्ष-पौषात मोऱ्या तुंबल्याच्या तक्रारी जास्त ऐकू येतात. उन्हाळ्यात जे वाहून जाते, ते थंडीत पाइपाला तुपासारखे चिकटते.

आणि केस स्वतः कुजता कुजत नाही. शिंग, खूर, नख आणि केस ही एकाच जातीच्या प्रथिनाची रूपे आहेत. त्यात गंधकाचे बंध असतात, म्हणून केस जळताना तसा उग्र वास येतो. वासरे एकमेकांना चाटतात, तेव्हा पोटात गेलेल्या केसांचे गोळे होतात आणि ते तसेच पडून राहतात, हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे. जिथे जनावराच्या पोटाला केस पचत नाही, तिथे पाइपाला काय पचणार?

आता थोडे नाजूक. मोरीत केस येतात कुठून? न्हाताना गळतात ते थोडे. निरोगी माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतातच, त्यात घाबरण्यासारखे नाही. पण पुष्कळसे केस मोरीत मुद्दाम सोडलेले असतात. विंचरून निघालेल्या गुंतवळाचे काय करायचे, हा आपल्याकडच्या बायांना पिढ्यानपिढ्यांचा पेच. घरात केस पडले की भांडणे होतात म्हणे, उघड्यावर टाकले तर कोणी करणी करील म्हणे, दिवेलागणीला विंचरायचे नाही म्हणे. म्हणून आमच्या आज्या गुंतवळ वळचणीला किंवा भिंतीच्या फटीत खोचून ठेवत. जमले की कोणी त्याचे गंगावन करून घेई, कोणी केसांवर पिना-भांडी देणाऱ्या फेरीवाल्याला देई. आता वळचण राहिली नाही, भिंतीला फट राहिली नाही. घरात झाकून टाकता येईल असे एकच भोक उरले, ते मोरीचे.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावी परसबाग पाहायला गेलो होतो. केळी करपल्या होत्या. सासूबाई गवंड्याला शिव्या मोजत होत्या. "नव्या फरशीचं पैसं घेतलं आन् उतारच न्हाई दिला मेल्यानं!" मी फरशीवर तांब्याभर पाणी ओतून पाहिले. उतार व्यवस्थित होता. जाळी काढली, थोरल्या मुलाने कामटी घातली आणि ओढता ओढता हातभर लांब काळा दोर बाहेर आला. साबणाने माखलेला, कुबट वासाचा. सासूबाई म्हणाल्या, "अगं बया, कुणाचं गं हे एवढं?" कोणी बोलेना. धाकटी सून दाराशी उभी होती. तिचे दुसरे बाळंतपण होऊन वर्ष उलटले होते. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

हळूहळू कळले ते असे. केस मुठीने जात होते. घरात केस दिसला की बोलणी बसत, म्हणून ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठून विंचरायची आणि गुंतवळ मोरीत सारून वर बादलीभर पाणी ओतायची. हे पाच-सहा महिने चालले होते. मी डॉक्टर नव्हे. पण पिकाचे पान पिवळे पडले तर मुळाकडे पाहायचे, एवढे माझ्या शिक्षणाने मला शिकवले आहे. ती पाण्याचा हंडा घेऊन तीन पायऱ्या चढली आणि खांबाला धरून दम खात उभी राहिली. ओठ पांढुरके, नखे पांढुरकी. मी सासूबाईंना म्हटले, "मावशी, केळीचं आपण बघू. आधी हिचं रक्त तपासून घ्या." त्या म्हणाल्या, "आवं, बाळतपणानंतर जात्यातच की केस." ते खरे आहे. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी केस गळू लागतात आणि वर्षाच्या आत बहुधा आपोआप थांबतात. हिचे वर्ष उलटून गेले होते आणि गळती वाढतच होती.

आशाताई शेजारच्याच आळीत राहत होत्या. त्या तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन आठाच्याही खाली निघाले. बाईमाणसाला ते निदान बारा तरी हवे. तिला पुढे ग्रामीण रुग्णालयात शिरेतून लोहाची औषधे द्यावी लागली, मग कित्येक महिने गोळ्या. मी नंतर गेलो तेव्हा सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "म्या आपली म्हणत हुते, आळशी झालीया." एवढे बोलून त्या चहा टाकायला उठल्या. त्यांना त्याहून जास्त बोलणे जड गेले असावे.

म्हणून माझे माताभगिनींना सांगणे आहे, की मोरी साफ करताना निघालेल्या केसांकडे नुसते नाक मुरडून पाहू नका. एखाद्या घरात एकाएकी केस फार निघू लागले, तर कोणाचे ते रागाने नव्हे, मायेने विचारा. रक्त कमी असेल, थायरॉईडचा आजार असेल, टायफॉइड-डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल. ताप उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनीही केस जातात.

आता मोरी कशी मोकळी करायची ते सांगतो. पहिली गोष्ट, ढकलायचे नाही, ओढायचे. लोक सळई घेऊन खुपसतात आणि तोंडाशी असलेला बोळा वाकणाच्या पलीकडे नेऊन बसवतात. मग फरशी फोडण्याखेरीज इलाज उरत नाही. चिव्याची पातळ, लवचिक कामटी हातभर घ्यावी आणि तिच्या दोन्ही कडांना विळ्याने उलट्या दातांच्या खाचा पाडाव्यात. ती आत सारून हलकेच फिरवावी आणि ओढावी. तासगावकडे द्राक्षाच्या मांडवाची तार घरोघरी असते. तिचे टोक पक्कडीने आकड्यासारखे वळवले तर तेही चालते. बोळा निघाल्यावर धुण्याचा सोडा मूठभर टाकून वर गरम पाणी सोडावे, म्हणजे तेल आणि साका सुटतो. पाणी अंगाला सोसेल त्याहून थोडे जास्त गरम चालेल. उकळते पाणी मात्र पीव्हीसीच्या पाइपात ओतू नये, पाइप मऊ पडून सांधे सुटतात.

दुकानात कॉस्टिक सोडा मिळतो आणि तो केस विरघळवतो, हे खोटे नाही. चामडे कमावणारे चुन्याच्या निवळीत कातडी भिजवून केस सोडवतात, त्याच जातीचे हे काम. पण कॉस्टिकचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. शिवाय त्यात सोडियम असते. कृष्णाकाठी वाळवा-पलूसकडे जमिनी क्षारपड आणि चोपण होऊन बसल्याचे दुःख आपण पाहतोच. मग तेच सोडियम हाताने आपल्या केळीच्या आळ्यात कशाला सोडायचे? संडास धुण्याचे अ‍ॅसिड तर केसाला फारसे काही करत नाही, सिमेंटचे सांधे मात्र खाते. ते ब्लीचिंग पावडरीत मिसळले तर विषारी वायू निघतो. बंद न्हाणीत हा प्रयोग कोणी करू नये.

पण मोरी तुंबूच न देणे सगळ्यांत स्वस्त. ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याला हे फोडून सांगायला नको. फिल्टर धुतला नाही तर पुढच्या नळ्या बंद पडतात. न्हाणीलाही फिल्टर हवा. मोरीच्या तोंडावर बारीक भोकांची जाळी बसवावी आणि न्हाऊन उठणाऱ्याने ती स्वतः साफ करावी, घरच्या सुनेवर ठेवू नये. डोके न्हाण्याआधी कोरडेच विंचरावे. गुंतवळासाठी झाकणाचा एक डबा खिडकीत उघड ठेवावा, लपवून नव्हे.

सन 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. त्या धामधुमीत गावोगाव शोषखड्डे खणले गेले. तीन-चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, तळाशी मोठे दगड, वर बारीक, आणि तोंडाशी बुडाला भोके पाडलेले मडके. त्या मडक्यात नारळाच्या शेंड्या भरायच्या, म्हणजे केस आणि साबणाचा साका तिथेच अडकतो. पुष्कळांनी खड्डे ठेवले, पण शेंड्या बदलायचे सोडले. मग वर्ष-दोन वर्षांत खड्डा पाणी पीत नाही आणि मच्छर होतात. दर पंधरवड्याला शेंड्या बदलाव्यात, दहा मिनिटांचे काम आहे.

डब्यात साठलेल्या केसांचे काय, असे विचाराल. केसांत शेकडा पंधराच्या आसपास नत्र असते, म्हणजे शेणखताच्या कितीतरी पट. पण ते वर्ष-वर्ष हळू सुटते, भाजीला त्याचा उपयोग नाही. नारळाच्या किंवा आंब्याच्या आळ्यात, खोडापासून दोन-अडीच हात दूर, वीतभर खोल पुरावेत. गुरे चरतात तिथे उघडे टाकू नयेत. डोंगराकडेला रानडुकरांचा त्रास असलेले काही शेतकरी न्हाव्याकडचे केस बांधाने टाकतात. डुक्कर नाकाने जमीन हुंगत येते आणि केस नाकात गेले की मागे फिरते. पावसाच्या दोन सरी पडल्या की मात्र ते पुन्हा टाकावे लागतात.