नाव कळण्याआधीचे दिवस

पावसाळ्यात घरातली रद्दी विकायची नाही, असा आमच्याकडे दंडक होता. जून ते सप्टेंबर वर्तमानपत्रं झाडांसाठी राखीव. रविवारी ताम्हिणीतून, सिंहगडावरून किंवा खंडाळ्याच्या घाटातून भिजून परतलं की अंघोळीच्याही आधी पिशवीतल्या फांद्या कागदात जायच्या, कारण तेरड्यासारखं नाजूक झाड बघता बघता मान टाकतं. एक पान सुलटं ठेवायचं, एक उलटं, म्हणजे वाळल्यावर दोन्ही अंगं दिसतात. एक फूल अखंड ठेवायचं, एक उभं चिरून पसरायचं. त्यावर टिपकागद, पुन्हा वर्तमानपत्र, मग लाकडी फळी आणि फळीवर घरात जे जड असेल ते: पाटा, लोखंडी ट्रंक, धान्याचा डबा. पुढे आठवडाभर रोज कागद बदलायचे. श्रावणातल्या सर्द हवेत ते वाळत नसत, तेव्हा घरातलं कोणीतरी त्यांवरून इस्त्री फिरवून देई. ओली शाई, कोमट कागद आणि दबलेला पाला यांचा मिळून एक वास घरभर राही. आमच्या पिढीतल्या हौशी निसर्गनिरीक्षकांना पावसाळा म्हटला की आधी तो वास आठवतो.

आता पान दाबावं लागत नाही. फोन काढायचा, दोन-तीन फोटो घ्यायचे आणि आयनॅचरलिस्टवर टाकायचे. 2008 साली सुरू झालेल्या या व्यासपीठावर 2017 पासून फोटो पाहून यंत्रच नाव सुचवतं. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. पाहणाऱ्यांचं एका नावावर एकमत झालं की नोंद संशोधनाला वापरण्याजोगी ठरते, आणि पुष्कळदा डोंगर उतरून एसटीच्या फाट्यावर पोचेपर्यंत हे सगळं झालेलं असतं. रोप मात्र जागच्या जागी उभं असतं. आम्ही ते मुळासकट उपटत होतो. आता कंदसुद्धा जमिनीतच राहतो. या बाबतीत जुनं बरं होतं असं म्हणायला जागा नाही.

पण रोप सापडणं आणि त्याचं नाव कळणं, यांच्यामध्ये पूर्वी बरेच दिवस जात. आमचा जीव अडकलाय तो त्या दिवसांत.

आमच्याकडे होता थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा ‘फ्लोरा’. 1901 ते 1908 या काळात निघालेले खंड, 1958 मध्ये बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाने पुन्हा छापलेले. त्यात चित्रं नाहीत. आहेत त्या किल्ल्या: विधानांच्या जोड्या, त्यातलं एक निवडायचं आणि पुढच्या जोडीकडे जायचं. पानं समोरासमोर की एकाआड एक? अंडाशय पाकळ्यांच्या वर की खाली? त्यात कप्पे किती? प्रत्येक प्रश्नाला पुन्हा झाडाकडे जायचं, भिंग डोळ्याला लावायचं, दाढीच्या ब्लेडने टाचणीएवढा अंडाशय आडवा कापायचा. पान चुरगाळून वास घ्यायचा, उजेडाकडे धरून त्यात तेलाचे ठिपके आहेत का पाहायचं, देठ मोडून चीक येतो का बघायचं. एका जोडीत चुकलं की भलत्याच कुळात जाऊन पोचायचं, आणि मग मागे. एवढं करून नाव मिळालंच नाही, तरी त्या संध्याकाळी ते झाड आम्ही नखशिखान्त पाहिलेलं असायचं.

आज झाड पाहायच्या आधी नाव येतं. तरुण मंडळींबरोबर फिरताना हे सारखं जाणवतं. मुलगी हुशार असते, तिची नजर आमच्यापेक्षा तीक्ष्ण असते, गवतात दडलेली कंदीलपुष्पाची वेल ती आमच्या आधी हेरते. फोटो घेते, नाव येतं, तिला मनापासून आनंद होतो आणि ती पुढच्या झाडाकडे वळते. त्या फुलाच्या नळीत खाली तोंड करून बसलेले केस आणि आत अडकलेली इवलीशी माशी तिच्या नजरेतून सुटतात. केस सुकेपर्यंत माशीला बाहेर पडता येत नाही, आणि पडते तेव्हा परागांचं ओझं घेऊन पडते. नाव शोधण्याच्या खटाटोपात आम्हाला ती माशी दिसायची. कारण आम्हाला तिथे थांबावंच लागायचं.

कुकमध्ये अडलं की माणसाकडे जावं लागे. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम मंडळ होतं, आघारकर संस्था होती. मुंबईत झेवियर्स महाविद्यालयात 1906 पासूनचं ब्लॅटर हर्बेरियम. तिथे खंडाळ्याची वनस्पतिसूची लिहिणारे फादर सांतापाव यांच्या तालमीत तयार झालेली माणसं भेटत. कागदाचं पुडकं काखेत मारून आम्ही दाराशी उभे राहायचो. आतले सर शीट उजेडाला धरायचे आणि नाव न सांगता विचारायचे, “कुठे मिळालं? खडकावर की खडकाच्या भेगेत? आजूबाजूला काय होतं? फूल सकाळी उघडं होतं की दुपारी?” यातलं निम्मं आम्ही पाहिलेलं नसायचं. पुढच्या रविवारी ते पाहायलाच पुन्हा तिथे जायचं. नाव त्यानंतर मिळायचं, कधी कधी वर्षाने, पुढच्या बहरात.

यंत्र उत्तर देतं, ते असं काही विचारत नाही. पण ते कोणाला दारातून परतही लावत नाही, आणि ही लहानसहान गोष्ट नाही. सरांच्या दाराशी पोचायला पुण्या-मुंबईत राहावं लागायचं, इंग्रजी यावं लागायचं, आणि कोणाची तरी ओळख असली तर बरं पडायचं. गडचिरोलीतल्या, सिंधुदुर्गातल्या किती डोळस मुलांना ते दार असतं हेच कळलं नसेल. वाट दाखवणारी, ‘हे भारंगीचं, हे शेवळाचं, हे खाल्लं तर घसा खाजतो’ म्हणून सांगणारी कातकरी बाई, तिचं नाव आमच्या एकाही शीटवर नाही. चिठ्ठीवर ‘संग्राहक’ म्हणून आमची नावं आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक 1970 च्या दशकात देवराया धुंडाळत फिरले, तेव्हा गावानं राखलेल्या रानाला आणि राखणाऱ्यांना अभ्यासात जागा मिळाली. आम्ही हौशी लोक मात्र त्या लोकांकडून घेत राहिलो. आज कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक गोगलगायीचा फोटो टाकतो तेव्हा त्याची नोंद प्राध्यापकाच्या नोंदीच्या शेजारी, त्याच मापाच्या चौकटीत बसते. हे आमच्या काळात व्हायला हवं होतं.

कीटकांच्या बाबतीत तर जुन्या दिवसांबद्दल बोलताना जीभ अडखळते. विंटर-ब्लिथ यांचं फुलपाखरांवरचं पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 1957 मध्ये काढलं होतं, आणि ते बरोबर घेऊन फिरायचं तर जाळंही बरोबर असायचंच. जाळ्यात आलेलं फुलपाखरू पंख मिटलेलं धरायचं आणि अंगठा व तर्जनीमध्ये त्याची छाती दाबायची. बारीकसा टचकन आवाज व्हायचा. मग वहीच्या कागदाची त्रिकोणी पुडी करायची, कडा दुमडायच्या, वर पेन्सिलीनं तारीख आणि जागा लिहायची. भुंगेऱ्यांसाठी रुंद तोंडाची मुरंब्याची बाटली, तळाशी इथाइल ॲसिटेटचा बोळा. पतंगांसाठी रात्री रानात पांढरी चादर ताणायची, पुढे पेट्रोमॅक्स. उत्तम ते टिपून घ्यायचे, बाकीचे चादरीवरच सोडून झोपायचं. पहाटे कोतवाल आणि बुलबुल येऊन चादर साफ करायचे. पंखांना धक्का न लावता पतंग टाचणीवर पसरण्यात एक कसब होतं, ते शिकताना हात स्थिर व्हायचा आणि श्वाससुद्धा. त्या कसबाची आठवण आम्हाला प्रिय आहे. त्यासाठी मारलेल्या जिवांची आठवण तिच्याच शेजारी आहे, आणि एक काढून दुसरी ठेवता येत नाही.

आता जुलैत मॉथ वीक असतो. चादर तीच पांढरी, दिवा वेगळा. पोरं-पोरी रात्रभर फोटो काढतात आणि उजाडायच्या आत दिवा बंद करून चादर हलकेच झटकतात, म्हणजे पाखरं उठायच्या आधी पतंग झाडीत पांगतात. हे आम्हाला सुचलं नव्हतं. महाराष्ट्रानं 2015 मध्ये नीलवंताला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य, आणि आज शाळेतलं मूल त्या निळ्या-काळ्या पंखांकडे बोट दाखवून नाव सांगतं. कोळ्यांकडे तर आमच्यातलं क्वचितच कोणी वळून पाहायचं. 2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या एका नव्या उडी मारणाऱ्या कोळ्याला तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळालं. लोकलच्या रुळांच्या आसपासचं ते रान. आम्ही ते खिडकीतून बघत पुढे लोणावळ्याला जायचो, निसर्ग पाहायला.

अळंबीचं दुःख वेगळं आहे. तिथे आमच्या हाताशी पुस्तकच नव्हतं. वारुळावरची खाण्याची अळंबी कोकणात, गोव्यात घरोघर ठाऊक. बाकी सगळी भूछत्रं. तरी एक विधी आम्ही करायचो. छत्रीचा देठ कापायचा, अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर ती टोपीसारखी ठेवायची आणि वर वाटी पालथी घालायची. रात्रभर वारा लागू द्यायचा नाही. सकाळी वाटी आणि टोपी अलगद उचलली की कागदावर छत्रीखालच्या पडद्यांची नक्षी उमटलेली: मधून निघालेल्या शेकडो बारीक रेषा, बीजाणूंच्या भुकटीच्या. वरून पांढरीशुभ्र दिसलेल्या अळंबीची भुकटी कधी फिक्कट गुलाबी निघायची, कधी विटकरी, कधी चॉकलेटी. पांढरी असेल तर ती फक्त काळ्या अर्ध्यावर दिसायची, म्हणून दोन रंगांचा कागद. बोट लागलं की नक्षी पुसली जाई, त्यामुळे घरातल्या लहान मुलांना त्या खोलीत मज्जाव असे. एवढं करून वहीत शेवटी लिहायचो: ‘अळंबी, विटकरी भुकटी, नाव?’ आमच्या वह्यांत अशी प्रश्नचिन्हं रांगेनं आहेत. त्यातली बहुतेक तशीच राहिली.

आज अळंबीचं नाव सुचवणारे लोक आहेत आणि यंत्रही आहे. भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री कुजक्या लाकडावर हिरवट उजेड देणारी बुरशी आम्ही लोकांना तोंडी सांगायचो, तिचे फोटो आता कोणीही काढतं. पण अळंबीच्या बाबतीत हल्लीच्या घाईवर आमचा खरा आक्षेप आहे. फोटो वरून काढलेला असतो. पडदे आहेत की छिद्रं, देठाला कडं आहे का, तळाशी पिशवीसारखी खोळ आहे का, ती कशावर उगवली, हे काहीच त्यात दिसत नाही. अशा फोटोवर यंत्र आत्मविश्वासानं नाव सांगतं आणि ते चुकू शकतं. अळंबी लोक खातात. इथे चुकीची किंमत फार मोठी आहे. म्हणून तरुण मित्रांना आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो: मातीत बोट घालून देठाचा तळ बघा, छत्रीच्या खालचा फोटो घ्या, आणि नाव मिळालं म्हणून तोंडात घालू नका.

जागा लपवण्याची रीतही बदलली. शिवनेरीच्या बाजूच्या कड्यांवर शिंदळमाकडी उगवते. पावसाळ्यात मांसल पानं, त्यात तांबूस चांदणीसारखं एकेक फूल, आणि जगात ती फक्त याच सह्याद्रीत. तिची जागा सर सहसा सांगत नसत. दोन-तीन वर्षं बरोबर फिरलं, आपण ओरबाडणारे नाही अशी त्यांची खात्री पटली, की एखाद्या रविवारी न बोलता तिकडे वळायचे. तो विश्वास मिळवण्यात किती वर्षं गेली याचं आम्हाला काही वाटायचं नाही. आता संकटग्रस्त जातींचे अक्षांश-रेखांश व्यासपीठच धूसर करून टाकतं. बाहेरच्या सगळ्यांपासून सारखंच लपवतं, त्यामुळे त्यात पक्षपात नाही. आणि कोणी कोणावर विश्वास टाकण्याचा प्रसंगही क्वचितच येतो.

अलीकडे काही मुलं आमच्या वह्या मागायला येतात. त्यांना तारखा हव्या असतात: अमुक फूल तेव्हा जूनच्या कोणत्या आठवड्यात यायचं, मृगाचे मखमली किडे पहिल्या सरीनंतर किती दिवसांनी दिसायचे. आम्ही पानं उलटतो. जागेच्या रकान्यात असतं, ‘कात्रजच्या पलीकडे, ओढ्याच्या डाव्या हाताला’. ते विचारतात, “काका, डाव्या हाताला म्हणजे नक्की कुठे?” मग त्यांना घेऊन जातो. काही ओढ्यांवर वसाहती उभ्या आहेत. काही ओढे आहेत, पण काठ घाणेरी आणि रानमोडीनं भरून गेलेत. मुलं घाणेरीचीही नोंद करतात, फूटपाथवरच्या मुंग्यांचीही, टाकळ्याचीही. आम्ही दुर्मीळ तेवढं लिहायचो. रोज पायाखाली यायचं ते लिहायची गरज आम्हाला कधी वाटली नाही. त्यामुळे घाणेरी त्या काठावर कधी आली आणि तिच्याआधी तिथे काय काय, किती होतं, हे आमच्या एकाही वहीत सापडत नाही. आम्ही ओढ्याकाठी उभे राहून आठवेल तसं सांगतो, इथे कवला असायचा, तिथे गेंद, आणि मुलं ते लिहून घेतात. पुढे ‘आठवणीवरून’ असा शेरा मारतात.