तपकीर गल्लीतला लॅपटॉप

माझा नातू डीजे आहे. हे वाक्य सरळपणे लिहायला मला दोन वर्षं लागली.

आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हेच मुळी. डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. ती रस्त्यावरून निघाली की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि ही छातीवर हात धरून आतल्या खोलीत जाऊन बसते. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळींनी त्याविरुद्ध पोलिसांकडे अर्ज दिला, त्याचा मसुदा माझ्याच हातचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, हे मी त्यात लाल शाईने अधोरेखित केलं होतं. मास्तरकीची सवय, दुसरं काय!

अशा माणसाकडे मुलीचा मुलगा २०२५ ची दिवाळी सरल्यावर आला आणि म्हणाला, "आजोबा, सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचाय. बाबा पैसे देणार नाहीत, आणि मला नकोतही. शिकवण्या करून पंधरा हजार साठवलेत. तुम्ही फक्त सोबत चला. एकटा गेलो की दुकानदार गंडवतात."

गाणी लावायला लॅपटॉप कशाला, असं मी विचारलं. त्यावर त्याने माझी शिकवणीच घेतली. पूर्वी डीजेपुढे दोन रेकॉर्ड प्लेअर असायचे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ साली कूल हर्क नावाचा तरुण एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन त्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा लांबवत राहिला, कारण लोक तेवढ्यावरच नाचत होते. आता गाणी लॅपटॉपमध्ये असतात, समोर दोन चकत्या असलेलं कंट्रोलर नावाचं यंत्र असतं, आणि चकती फिरवली की आतलं गाणं हाताबरोबर पुढेमागे सरकतं. कंट्रोलर त्याने मित्राकडून घेतलेला होता. घरचा संगणक मात्र म्हातारा झालेला. गाणं मध्येच अडखळायचं, टक् टक् आवाज यायचा. मित्राच्या बहिणीच्या हळदीत वाजवायचं त्याने कबूल केलं होतं, आणि हळद आठ दिवसांवर आली होती.

आम्ही निघालो. अप्पा बळवंत चौकात मी आयुष्यभर पुस्तकं घेतली, पण तिथून चार पावलांवरच्या तपकीर गल्लीत कधी शिरल्याचं आठवत नाही. वायरी, स्पीकर, दिव्यांच्या माळा आणि माणसांची ही गर्दी! त्याच भागात एका जुन्या वाड्याच्या माडीवर वापरलेल्या लॅपटॉपचं दुकान होतं. पुस्तकांसारखेच उभे रचलेले लॅपटॉप.

नातवाने वहीत यादी करून आणली होती, ते पाहून मला बरं वाटलं. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, कारण विंडोज १० ला कंपनीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याहून जुन्या यंत्रांना सहसा स्वीकारत नाही. म्हणूनच बाजारात स्वस्त लॅपटॉपचा पूर आलाय, म्हणाला. रॅम निदान आठ जीबी, सोळा असेल तर उत्तम. फिरत्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी. यूएसबीची भोकं सैल नकोत, कारण भर कार्यक्रमात कंट्रोलरची वायर हलली की सगळं बंद.

दुकानदाराने एक लॅपटॉप काढला. झळझळीत, सोळा जीबीचा, किंमत चौदा हजार. पोराचे डोळे चमकले. त्याने कंट्रोलर जोडला, दोन गाणी लावली, सगळं लोण्यासारखं चाललं. मी मात्र उत्तरपत्रिका तपासावी तसा लॅपटॉप उलटा करून पाहिला. खाली एक चिकटपट्टी अर्धवट खरवडलेली, तिच्यावर कुठल्याशा कंपनीचा मालमत्ता क्रमांक. नातवाने यंत्र बंद करून आतल्या सेटिंगमध्ये जायचा प्रयत्न केला, तर पासवर्ड मागितला. तो दुकानदारालाही ठाऊक नव्हता.

"बिल मिळेल ना?" मी विचारलं.

"बिल कशाला काका? माझी जबान हीच वॉरंटी."

कंपन्या जुने लॅपटॉप रीतसर विकतात, त्यात वावगं काही नाही. पण रीतसर विकलेल्या मालाचा कागद असतो आणि कुलूप काढलेलं असतं. हा माल कुठून आला होता, कुणास ठाऊक.

"आजोबा, घेऊ?" नातवाने विचारलं.

खरं सांगतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. छत्तीस वर्षं फळ्यावर सुविचार लिहिले, पण त्या क्षणी वाटलं, पोर आनंदात आहे, आपण पट्टी पाहिलीच नाही असं समजावं. मग हलकेच म्हणालो, "माझ्या मनाला पटत नाही. पण पैसे तुझे आहेत, तूच ठरव."

त्याने चार्जर गुंडाळून टेबलावर ठेवला आणि जिना उतरला. खाली आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्हाला तसाही डीजे नकोच होता."

हे वाक्य लागलं. लागलं, कारण त्यात थोडं तथ्य असावं अशी शंका आली. मी चोरीच्या मालाला नाही म्हणालो, की डीजेला? तोच लॅपटॉप त्याला सी.ए.च्या अभ्यासासाठी हवा असता, तर मी इतका वाकून पट्टी वाचली असती का? असती, असं मनाला बजावलं. पण छातीठोकपणे सांगता येईना. समोरच्या टपरीवर दोन चहा घेतले. अर्ध्या चहावर मी म्हणालो, "आपण बिलवालं दुकान शोधू. वरचे पैसे मी घालतो. उसने. हिशेब वहीत लिहायचा." ती शंका मिटवायला मला साडेअकरा हजार पडले, पण फार महाग वाटले नाहीत.

दुसऱ्या दुकानात साडेसव्वीस हजारांचा मिळाला. जीएसटीचं पक्कं बिल, सहा महिन्यांची हमी. इथे नातवाने खरी परीक्षा घेतली. एक आज्ञा टाइप करून बॅटरीचा अहवाल काढला. मूळ क्षमतेच्या तीन चतुर्थांश शिल्लक होती. चाळीस मिनिटं सलग चालवून पंखा किती तापतो ते पाहिलं, कारण यंत्र तापलं की वेग कमी करतं. मग आवाजाच्या उशिराची तपासणी. आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांत मोजतात आणि लॅपटॉप ते मूठमूठ पुढे पाठवतो. मूठ २५६ नमुन्यांची असेल तर उशीर किती? मी तोंडी भागाकार केला: सुमारे ५.८ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम दोन मीटर जातो. मूठ मोठी केली तर हात आणि आवाज यांची फारकत होते, फार लहान केली तर लॅपटॉपला दम लागतो आणि टक् टक् येतं. एकदा तसं आलंही. नातवाने वायफाय बंद केलं, आणि थांबलं. दुकानदार आमच्याकडे बघतच राहिला.

रात्री घरी त्याने माझ्या कानाला हेडफोन लावला. "आजोबा, ही दोन वेगळी गाणी आहेत. आता एकाची लय दुसऱ्याला मिळवतो." सुरुवातीला दोन्ही ठोके एकमेकांना अडखळत होते, मग हळूहळू जुळले. तो बोटांनी मोजत होता. सोळा झाले की नवं गाणं नेमकं पहिल्या ठोक्यावर आत यायचं.

"अरे, ही तर सम!" मी जवळजवळ ओरडलो. गावच्या भजनी मंडळात मी ऐन तरुणपणी झांज वाजवायचो. तीनतालाच्याही सोळाच मात्रा. त्याला तीनताल ठाऊक नव्हता. मी टाळी आणि खाली दाखवत मोजून दाखवला आणि त्याने त्यावर गाणं सोडलं. ही दारात उभी राहून आमच्याकडे पाहत होती. यावेळी तिचा हात छातीवर नव्हता.

हळदीला मी गेलो नाही. एवढंच म्हणालो, "कानात बोळे घाल, आणि दहाचं भान ठेव." माझ्या उजव्या कानाला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे पहिला सल्ला तरी अनुभवाचा होता. साडेदहाला त्याचा फोन आला. दहाला दहा कमी असतानाच आवाज उतरवत नेला, म्हणाला. लोक थोडे नाराज झाले.

वहीत आता साडेनऊ हजार बाकी आहेत. अर्जाचं म्हणाल, तर पुढल्या गणपतीत मी पुन्हा सही करणार आहे. भिंत मला अजूनही नकोच आहे. फक्त या खेपेला 'डीजे' हा शब्द खोडून तिथे 'ध्वनिवर्धकांची भिंत' असं लिहीन म्हणतो. असो.