बर्फाखालची जागा

मासे पकडण्यात हाताचे कसब किती आणि जागेची निवड किती, असे आमच्या खाडीकाठच्या कुणालाही विचारा. तो जागेच्या बाजूने बोलेल. भरती कधी फिरते, कुठल्या खडकाआड पाणी संथ होते, हे ज्याला ठाऊक त्याचा पाग रिकामा येत नाही. माझे बालपण अशा माणसांत गेले. म्हणून मुलाकडे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात गेलो आणि तिथले लोक गोठलेल्या तळ्यावर बसून भाल्याने मासे मारतात असे ऐकले, तेव्हा मनात पहिला प्रश्न आला तो हाच. वर सगळीकडे सारखाच पांढरा बर्फ. मग खाली मासा कुठे आहे हे यांना कळते कसे?

या राज्यात दहा एकरांहून मोठी अशी 11,842 तळी आहेत. मुलाच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ राहतात. लहानपणापासून ते भाल्याने पाइक मासा मारत आले आहेत. त्यांची मुले दूर शहरांत गेली. माझ्या बारा वर्षांच्या नातवाला सोबत न्यायची त्यांनी इच्छा दाखवली, तेव्हा सूनबाईच्या पोटात गोळा आला. डिसेंबर 2023 मध्ये याच राज्यातल्या अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला होता आणि शंभरावर माणसे त्यावर अडकली होती. सगळी सुखरूप निघाली, पण धाक उरला. "अब्बा, तुम्ही सोबत असाल तरच पाठवते," ती म्हणाली. फेब्रुवारीचा तो शेवटचा आठवडा होता आणि भाल्याचा हंगामही संपत आला होता.

म्हातारबाबांनी जागेची निवड किनाऱ्यापासूनच सुरू केली. माणसाने चालायला निदान 4 इंच पारदर्शक, घट्ट बर्फ हवा. पांढरट, हिमाचा झालेला बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. लोखंडी पहार आपटत ते पुढे चालत आणि आम्ही त्यांच्या पावलावर पाऊल टाकत. जिथे ओढा तळ्याला मिळतो, जिथे तळाशी झरा आहे, जिथे दोन तळ्यांमधली चिंचोळी वाट आहे, तिथे वाहते पाणी बर्फ खालून खाते. अशा ठिकाणी मासे कितीही असोत, ते जात नाहीत. आधी माणूस परत आला पाहिजे, मग मासा.

मग माशाची जागा. पाइक हा दबा धरणारा मासा. अंग लांब आणि हिरवट, त्यावर फिकट ठिपके, तोंड बदकाच्या चोचीसारखे. पाठीवरचा पर पार शेपटीजवळ, त्यामुळे तो बाणासारखा सुटतो. त्याला लपायला आडोसा आणि समोर मोकळे पाणी हवे. म्हणून पाणवनस्पतींच्या बेटाची कड शोधायची, दाट गवताचा मध्यभाग नाही. वनस्पती हिरवी असली पाहिजे. बर्फावर हिम साचले की उजेड खाली पोचत नाही, गवत मरून कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. मग छोटे मासे तिथून हलतात आणि त्यांच्यामागे पाइकही. डिसेंबरात भरलेली जागा जानेवारीत ओस पडते ती अशी.

खोली सहा ते बारा फूट बरी. त्याहून खोल गेले तर तळ दिसत नाही. पाणी नितळ हवे, कारण इथे डोळाच गळ आहे. करवतीने साधारण दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब भोक कापायचे आणि त्यावर खिडकी नसलेली, आतून काळी खोपटी ठेवायची. दार लावले की आत मिट्ट काळोख, आणि भोवतालच्या बर्फातून झिरपलेल्या उजेडाने पाणी मात्र दिव्यासारखे उजळते. तळ अंधारा असेल तर काही जण अंड्याची टरफले टाकतात, म्हणजे त्यावरून जाणारा मासा उठून दिसतो. या भागातले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक पूर्वी बर्फावर पालथे पडून, अंगावर पांघरूण घेऊन असेच पाहत.

दोरीला बांधलेला लाकडी मासा बाबांनी पाण्यात सोडला. पोटात शिसे, बाजूला पत्र्याचे पर. दोरीला हलका झटका दिला की तो गोल गोल पोहतो. मग सुरू होते ते सब्र. दोन तास आम्ही तिघे गप्प होतो. घरात क्षणभर न थांबणारा माझा नातू पाण्यावरची नजर काढत नव्हता.

आणि पाइक आला. आवाज नाही, तरंग नाही. रिकाम्या पाण्यात एकदम तो होता. बाबांनी भाल्याचे दाते अलगद पाण्यात बुडवले. खळबळ झाली तर मासा पळतो. आता नुसता हात सोडायचा, डोक्याच्या मागे. त्यांनी सोडला नाही. थोडे थांबून भाला वर घेतला. मासा वळला आणि गवतात गेला.

नातवाचा चेहरा पडला. बाबांनी त्याला समजावले. 2018 पासून राज्यात पाइकसाठी विभागवार नियम आहेत. आम्ही होतो तिथे 22 ते 26 इंचांच्या माशांना संरक्षण आहे. गळाला लागलेला मासा सोडता येतो, भाला लागलेला नाही. म्हणून लाकडी माशाच्या लांबीशी ताडून माप आधी डोळ्यांनी घ्यायचे. हा मासा मापाच्या वर होता, मारायला नियमाची आडकाठी नव्हती. पण मादी होती, पोट भरलेले. बर्फ वितळताच पाइक उथळ, दलदलीच्या काठाला अंडी घालतात आणि त्याआधी अशाच कडांपाशी जमतात. "जागा मीच निवडली होती," ते म्हणाले, "ती इथे का आली हे मला ठाऊक होते."

मला आमचे चढणीचे मासे आठवले. पहिल्या पावसात गाबोळीने भरलेले मासे ओढ्याने वर चढतात आणि लोक बत्ती आणि कोयता घेऊन रात्री उभे राहतात. तिथेही जागा अचूक असते. अचूक जागा सापडली म्हणजे माशाची सगळ्यात नाजूक वेळही सापडली. मग हात उगारायचा की आवरायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. जागा ओळखणे तजुर्ब्याने येते. हात आवरणे शिकवावे लागते, आणि तेही समोर करून दाखवून.

आम्ही रिकाम्या हाताने निघालो. उघड्या भोकाभोवती बाबांनी नातवाकडून काटक्या रोवून घेतल्या, पातळ गोठलेल्या भोकात नंतर येणारा कुणी पडू नये म्हणून. नातवाने एक काटकी हलवून पाहिली, ती डळमळली, तेव्हा बूट मारून पुन्हा पक्की केली. बाबा काही बोलले नाहीत. पहार त्याच्या हाती दिली आणि परतीच्या वाटेवर त्याला पुढे चालायला सांगितले.