जायबंदी खेळाडूची जागा

फुटबॉलच्या कोणत्याही क्लबाकडे हिशेबाच्या दोन वह्या असतात. एक पैशांची, ती खजिनदाराच्या कपाटात असते. दुसरी कोणी लिहीत नाही, पण संघनिवडीच्या दिवशी ती आपोआप उघडते. कोण किती पळतो, कोणाचा फटका किती दूर जातो, शेवटच्या दहा मिनिटांत कोणाचा दम टिकतो, याचा जमाखर्च तिच्यात असतो. ज्या खेळाडूचे वय पस्तिशीपलीकडे गेले आणि त्यातच ज्याचा गुडघा निकामी झाला, त्याचे नाव या दुसऱ्या वहीत एकाएकी खर्चाच्या बाजूला जाते. ही नोंद बहुधा चुकीची असते, असे आम्हांस वाटते. मात्र केवळ दयेपोटी ती खोडावी, असे म्हणणाऱ्यांशीही आमचे पटत नाही. दया ही क्लब चालविण्याची रीत होऊ शकत नाही. प्रश्न आहे तो अशा खेळाडूचे खरे मोल ओळखण्याचा.

आमचा धर्मग्राम बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली आहे. घाटावरचे आणि घाटाखालचे हा भेद जिल्ह्यातील वाचकांना सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच, की अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे बुलढाणा, चिखली, मेहकर हे तालुके घाटावरचे आणि पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे घाटाखालचे. येथील जमीन काळी. कपाशीला ती मानवते, फुटबॉलला मानवत नाही. पावसाळ्यात बूट चिखलात रुततात, आणि फाल्गुन सरला की मैदानाला हाताची बोटे सहज जातील अशा भेगा पडतात. कबड्डी, क्रिकेट आणि व्हॉलीबॉलच्या या मुलखात फुटबॉल हा हौसेचा, आणि थोडा हट्टाचाही खेळ आहे. तरीसुद्धा आमच्या चर्चमागच्या मैदानावर गेली अनेक वर्षे एक संघ रोज संध्याकाळी खेळतो. त्यात सर्व धर्मांची मुले आहेत. आमच्याकडे त्याचे अध्यक्षपद आले, ते मैदानाची किल्ली आमच्याकडे असते म्हणून.

या संघाचा हाफबॅक चाळिशीला टेकलेला आहे. सारे त्याला भाऊ म्हणतात. विहिरीवरच्या मोटारींचे रिवाइंडिंग करण्याचे त्याचे दुकान आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी सरावाच्या वेळी त्याचा पाय भेगेत अडकला. शरीर वळले आणि पाय मात्र जागीच राहिला. अकोल्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यातील लिगामेंट तुटल्याचे निदान केले. पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या जिल्ह्यातून एका स्पर्धेचे निमंत्रण आले. भाड्याच्या गाडीत जागा मोजक्याच होत्या. मुले आमच्याकडे आली आणि म्हणाली, "फादर, भाऊ आता पळत नाहीत. त्यांच्या जागी एखादा नवा पोरगा नेला तर तो काही शिकेल तरी." मुलांचे म्हणणे कठोर होते, पण खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतःच आले. "मले मैदानात उतरवू नका, फादर," ते म्हणाले, "पन गाडीत जागा द्या." गाडीत आमच्यासाठी राखलेली जागा आम्ही त्यांना दिली आणि आम्ही एस.टी.ने गेलो.

त्या सामन्याच्या पूर्वार्धात आमच्यावर दोन गोल झाले. भाऊ रेषेबाहेर, गुडघ्याला पट्टा बांधून बसले होते. मध्यंतरात त्यांनी कोणाला स्फूर्तिदायक असे काही ऐकवले नाही. डाव्या बचावपटूला एवढेच सांगितले की, समोरचा गडी दर वेळी आतच वळतो, रेषेकडे कधी जातच नाही. तेव्हा त्याच्या समोर न राहता आतल्या अंगाला उभा राहा. गोलरक्षकाला म्हणाले, चेंडू हाती आला की लगेच भिरकावू नकोस, मनात पाच आकडे मोज, आपल्या पोरांना श्वास घेऊ दे. उत्तरार्धात आमच्यावर गोल झाला नाही. आम्हीही केला नाही. सामना दोन-शून्यने गेला तो गेलाच. परतीच्या प्रवासात मुलांनी भाऊंना ड्रायव्हरशेजारची जागा दिली, हे आम्हांस मागाहून कळले.

फुटबॉलमध्ये कबड्डीप्रमाणे वेळ मागून खेळ थांबविता येत नाही. पंचेचाळीस मिनिटे प्रवाह वाहतो आणि प्रशिक्षकाचा आवाज रेषेपलीकडून अर्धामुर्धाच पोहोचतो. म्हणून ज्याने हजार वेळा तीच चाल पाहिली आहे, अशा माणसाचे डोळे संघाला लागतात. पाय तरुण असताना खेळाडू चेंडूच्या मागे धावतो. पाय मंदावले की चेंडू कोठे येणार, हे त्याला आधी ओळखावे लागते. आणि दुखापतीने बाहेर बसविले की, इतकी वर्षे आतून पाहिलेला खेळ तो प्रथमच बाहेरून, सगळा एका नजरेत पाहतो. सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्र शिकत असताना उपयुक्ततेच्या तत्त्वावर वर्गात मोठी वादावादी होई. साडेचारची घंटा झाली की मैदानावर त्याचा झटपट निकाल लागे: ज्याला पळता येत नसे, त्याला गोलमध्ये उभे करीत. असो.

एका खेड्यातल्या संघावरून मोठे अनुमान काढू नये, असे कोणी म्हणेल. म्हणून मुंबईकडे वळू. खालिद जमील यांचे नाव आता देशभर परिचित आहे. त्यांचा जन्म १९७७ सालचा, कुवेतमधला. मध्यफळीत खेळणाऱ्या या खेळाडूची कारकीर्द महिंद्र, एअर इंडिया, पुन्हा महिंद्र अशी मुंबईतच गेली. ते भारताकडूनही खेळले. कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांची बोलावणी त्यांनी मद्यकंपन्यांच्या प्रायोजकत्वामुळे नाकारली, असे क्रीडापत्रकारांनी लिहून ठेवले आहे. आजच्या बाजारात ही गोष्ट सांगूनही खरी वाटू नये. पण दुखापतींनी त्यांची पाठ सोडली नाही. २००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब स्थापन झाला आणि ते तेथे गेले. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, शरीरापुढे हात टेकून त्यांना खेळ थांबवावा लागला.

येथे त्या क्लबाने जे केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्रज प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांच्यानंतर क्लबाने संघाची सूत्रे या जायबंदी खेळाडूकडेच दिली. क्लबाजवळ फार पैसा नव्हता. कूपरेजचे नूतनीकरण चालू असल्याने काही हंगाम घरचे सामनेदेखील पुण्यात बालेवाडीला जाऊन खेळावे लागले. तरी सात वर्षे मुंबई एफसी आय-लीगच्या वरच्या श्रेणीत टिकून राहिली. विजेतेपद एकदाही मिळाले नाही. दर वर्षी तळाशी झुंज, आणि दर वर्षी बचाव. ज्याला स्वतःचे शरीर जपून, मोजून वापरावे लागले, त्याने तुटपुंज्या संघालाही तसेच मोजून वापरले, असे आम्हांस वाटते. हे सिद्ध करता येणार नाही, पण त्यांचे संघ ज्या रीतीने आधी बचाव घट्ट करून मग पुढे सरकतात, ते पाहणाऱ्याच्या मनात हा विचार येतोच.

२०१६ मध्ये क्लबाने त्यांना निरोप दिला. ते मिझोरममध्ये ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत उतरला होता आणि गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळेच त्याला पुन्हा प्रवेश मिळाला होता. जमील यांनी जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबईचे आपले ओळखीचे खेळाडू सोबत घेतले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजोंगशी १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉलने आय-लीग जिंकली. ऐझॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील क्लबाने देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत उतरली आणि पुढे तो क्लबच बंद झाला. एका माणसाच्या जाण्याने क्लब बुडाला, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. पैशांची चणचण आणि नव्या लीगची स्पर्धा ही कारणे होतीच. पण दुसऱ्या वहीतील नोंद किती महाग पडू शकते, हे त्या वर्षीच्या गुणतक्त्याच्या दोन टोकांना दिसले. जमील यांच्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षकपद आले, पुढच्याच महिन्यात संघाने ताजिकिस्तानात काफा स्पर्धेत ओमानला हरवून तिसरे स्थान मिळवले, आणि ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून हरून आशियाई चषकाची पात्रताही गमावली. मोठ्या पदावर दोन्ही गोष्टी वाट्याला येतात.

वाचकहो, याचा अर्थ प्रत्येक जुना खेळाडू प्रशिक्षक होतो असा नाही. बहुतेक होत नाहीत. त्यांचे मोल पुढे मिळणाऱ्या पदावर अवलंबून ठेवले, तर आपण पुन्हा त्याच वहीकडे येतो. कधी नुसती जागा बदलली तरी पुरते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना बाहेर न बसविता आघाडीवर खेळविले. उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला, दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामन्यातही केला, आणि भारताने तो सामना २-१ असा जिंकला. रहीम त्या वेळी स्वतः कर्करोगाने ग्रासलेले होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

पण या कथेची दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हांस अधिक अस्वस्थ करते. इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबाचा कर्णधार लेडली किंग याच्या गुडघ्यातील कूर्चा झिजून गेली होती. आठवडाभर त्याला इतरांबरोबर सराव करता येत नसे. तो सामन्याच्या दिवशी उतरे, उत्तम खेळे, आणि पुन्हा कित्येक दिवस गुडघा सांभाळीत बसे. २००८ मध्ये त्याने क्लबाला लीग कप मिळवून दिला आणि २०१२ मध्ये एकतिसाव्या वर्षी तो थांबला. प्रेक्षकांनी त्याच्यावर अपार प्रेम केले. त्या प्रेमाची किंमत गुडघ्याने मोजली. आपल्याकडे बायचुंग भुतिया २०११ च्या आशियाई चषकासाठी पोटरीच्या दुखापतीसह दोहाला गेले. पहिले दोन सामने ते बसून होते आणि दक्षिण कोरियाविरुद्ध अखेरच्या काही मिनिटांसाठी उतरले. त्यांना न्यावे की नाही, यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. आमच्या मते न्यावयास हवेच होते. सत्तावीस वर्षांनी भारत त्या स्पर्धेत पोहोचला होता आणि त्या संघाला या माणसाची सोबत हवी होती. पण सोबत हवी म्हणून सुई टोचून मैदानात ढकलणे, ही वेगळी गोष्ट. जो क्लब जुन्या खेळाडूच्या निष्ठेचा असा उपयोग करून घेतो, तो त्याला टाकून देणाऱ्या क्लबापेक्षा बरा नाही.

पूर्वी मुंबईत यावर एक साधा उपाय होता: नोकरी. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, मध्य आणि पश्चिम रेल्वे यांचे संघ असत आणि खेळाडू त्यांच्या हजेरीपटावर असे. गुडघा गेला तर बूट खुंटीला टांगून तो कचेरीत टेबलाशी बसे. संध्याकाळी मैदानावर येऊन नव्या मुलांच्या चुका काढी. या व्यवस्थेत आळस होता, वशिलाही होता. पण जुना खेळाडू क्लबाच्या नजरेसमोर राही. गिरण्या गेल्या, महिंद्रने २०१० मध्ये आपला संघ बंद केला. आताच्या व्यावसायिक क्लबांत करार संपला की ओळख संपते. मोठ्या लीगमधले मोठे खेळाडू तरतील. खालच्या श्रेणीत पंधरा वर्षे खेळून गुडघा घालवलेल्याने कोणाच्या दारात जावे?

आमच्या संघाजवळ देण्यासारखी नोकरी नाही. घाटाखालच्या गावात फुटबॉलसाठी कोणी कोणाला कामावर घेत नाही. गेल्या वार्षिक सभेत मात्र मुलांनीच ठराव मांडला की, वर्गणीचा चौथा हिस्सा दुखापतींसाठी वेगळा ठेवावा आणि त्यातून आधी भाऊंच्या शस्त्रक्रियेला हातभार लावावा. निधी जमू लागला. त्यावर पहिला अर्ज आला तो भाऊंचाच, पण त्यात गुडघ्याचा उल्लेख नव्हता. उन्हाळ्यापूर्वी मैदानातल्या भेगा बुजवाव्यात, निदान दोन्ही गोलांसमोर तरी, अशी त्यांची विनंती होती. सभेत बरीच कुरबुर झाली. शस्त्रक्रियेचे काय, असे मुलांनी विचारले. भाऊ म्हणाले, सोयाबीनचे पैसे आले की उधारीवाले मोटारींची बिले चुकती करतील, मग पाहू. यंदा वैशाखात चार ट्रॉल्या मुरूम पडला. तो कोठे किती पसरायचा, हे काठी टेकीत भाऊंनीच दाखवून दिले.